निर्लेखन

पावसाळ्याच्या तोंडावर वाचनालयांत जुनी पुस्तकं बाद करायचं काम निघतं. ओल धरणारी कपाटं भिंतीपासून सरकवतात, झुरळांची औषधं मारतात आणि फाटकी पुस्तकं बाजूला काढतात. एका तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाच्या व्हरांड्यात असेच सहा गठ्ठे सुतळीने बांधून ठेवलेले होते. सगळ्यांत वरच्या पुस्तकाला मुखपृष्ठ नव्हतं, आतलं शीर्षकाचं पानही नव्हतं. बांधणी करताना कोणीतरी कण्यावर पांढऱ्या रंगाने नाव लिहिलं होतं, तेही उडालेलं. त्यातलं एकच अक्षर शाबूत होतं : 'सौ.' मागच्या पुठ्ठ्यावर देवघेवीच्या तारखांच्या चिठ्ठ्या एकावर एक डकवून बोटाच्या पेराएवढा थर झाला होता, खळीचा जुनाट आंबूस वास येणारा. वर्तमानपत्रं चाळायला रोज येणारे एक निवृत्त गृहस्थ ते गठ्ठे ओलांडताना ग्रंथपालबाईंना म्हणाले, "बरं झालं काढल्यात. सगळ्या बायकी कादंबऱ्या. कपाट तरी मोकळं होईल." त्यांच्या आवाजात चीड नव्हती, टोमणाही नव्हता. आज ऊन जास्त आहे असं सांगावं, तितक्या सहज ते बोलले होते.

ती सहजताच मनातून जात नाही.

बाद करायच्या या कामाला कार्यालयीन मराठीत 'निर्लेखन' म्हणतात. आधी जीर्ण पुस्तकांची यादी करायची, दाखल नोंदवहीतल्या क्रमांकाशी ती ताडून पाहायची, कार्यकारी मंडळापुढे ठराव ठेवायचा, मंजुरी आली की नोंदीसमोर लाल शाईने 'बाद' लिहायचं आणि गठ्ठे वजनावर रद्दीत द्यायचे. हिशेबाच्या दृष्टीने यात वावगं काही नाही. फक्त यादीत कोण येतं ते बघावं. एक फर्मा, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेला पानांचा जुडगा, सोळा पानांचा. दोनशे पानांची कादंबरी म्हणजे साडेबारा फर्मे. वाचनालयांसाठी छापलेल्या स्वस्त कादंबऱ्यांचे फर्मे दोऱ्याने शिवलेले, म्हणजे जुजबंदीचे, क्वचितच असत. बाजूने दोन-तीन तारेचे टाके मारायचे, वरून खळीने पुठ्ठा डकवायचा, झालं. असं पुस्तक पुरतं उघडत नाही. वाचणारी बाई एका हाताने भाजी ढवळत दुसऱ्या हाताने ते दाबून धरते, कणा मोडतो, तार गंजते आणि तारेभोवतीचा कागद तपकिरी होऊन तुटतो. मग पुस्तक बाइंडरकडे जातं. तो कडा कापून सारख्या करतो. दुसऱ्या खेपेला परत कापतो. तिसऱ्या बांधणीला आतला समास संपलेला असतो आणि ओळींची शेवटची अक्षरं शिवणीत जातात. शेजारच्या कपाटातला समीक्षाग्रंथ मात्र तीस वर्षांत दोनदा बाहेर गेलेला असतो. त्याचा कणा ताठ, पानं कोरी, वरच्या कडेवर धूळ. जीर्ण नाही म्हणून तो कपाटातच राहतो. पन्नास वर्षांनी कोणी अभ्यासक या कपाटापुढे उभा राहिला, तर या गावाने काय वाचलं याचा नेमका उलटा पुरावा त्याच्या हाती लागेल.

या कादंबऱ्यांना टीकाकारांनी 'गल्लाभरू' म्हटलं, 'खपाऊ' म्हटलं. गल्ला कोणाचा भरला, हे विचारायला हवं. मराठीत हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती हीच वर्षानुवर्षं रीत होती, आणि त्यातला मोठा वाटा वाचनालयांच्या खरेदीवर अवलंबून असे. लेखिकेला बहुतेक वेळा एकरकमी मानधन मिळे. टक्केवारीने स्वामित्वधन मिळालं तर पुढच्या आवृत्तीतही तिचा वाटा राहतो. एकरकमी रक्कम घेऊन हक्क लिहून दिले, की पुस्तक कितीदा छापलं तरी तिचा संबंध संपला. मग घरात पैसे यायचे तर पुढची कादंबरी लिहायची. वर्षाला तीन, कधी चार. भराभर लिहितात म्हणून ज्यांना हिणवलं, त्यांच्या भराभर लिहिण्यामागे हा व्यवहार होता. आणि वाचनालयातली एक प्रत शंभर घरं फिरून आली तरी खपाच्या हिशेबात ती एकच. वाचल्या गेल्या शंभरदा, विकल्या गेल्या एकदा. अशा पुस्तकांना बाजारू म्हणताना बाजार पाहिला तरी होता का, अशी शंका येते.

'बायकी' हा शब्द जरा उलगडून पाहू. त्याच्या पोटात 'घरगुती', 'भाबडी', 'अश्रुढाळू' आणि 'सोज्ज्वळ' एवढे शब्द बसलेले आहेत. तक्रार अशी की या कादंबऱ्यांत माजघर, सासू, मंगळसूत्र आणि अश्रू यांपलीकडे काही नसतं. पण मराठीतल्या गंभीर सामाजिक कादंबरीचा पाया ज्यांनी घातला असं आपण शाळेपासून शिकतो, त्या हरी नारायण आपट्यांनी काय लिहिलं? 'पण लक्षात कोण घेतो' ही यमूची कहाणी, यमूच्याच तोंडून सांगितलेली. माहेर, सासर, स्वयंपाकघरातलं बोलणं, नवऱ्याचा मृत्यू, केशवपन. ती क्रमशः छापून आली त्या साप्ताहिकाचं नाव होतं 'करमणूक', आणि ते १८९० साली हरिभाऊंनीच काढलं होतं. हप्त्याहप्त्याने, करमणुकीच्या साप्ताहिकात, बाईच्या आवाजात, घराच्या चार भिंतींतली गोष्ट. हरिभाऊंनी ती लिहिली तेव्हा समाजाचं चित्र झालं, आणि त्यांचा मोठेपणा कोणी नाकारू नये. पण तेच घर घरात राहणाऱ्या बाईने लिहिलं की विषय तोकडा कसा होतो, याचं उत्तर कोणत्याच टीकाग्रंथात सापडत नाही. हरिभाऊंच्याच काळात काशीबाई कानिटकर लिहीत होत्या. 'रंगराव' ही त्यांची कादंबरी आहे, आनंदीबाई जोशींचं चरित्र त्यांनी १८८९ मध्ये प्रसिद्ध केलं. आज काशीबाईंची ओळख 'आद्य स्त्री-कादंबरीकार' अशी एका ओळीत आटोपते, पहिलेपणाचा मान देऊन.

आपल्या भाषेने या साहित्यप्रकाराला नाव दिलं तेही एका नायिकेचं. बाणभट्टाची कादंबरी. संस्कृतात त्या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, मद्य.

मालतीबाई बेडेकरांचं उदाहरण तर घर-बाहेरचा हा सगळा वाद दोन्ही बाजूंनी तपासून देतं. 'कळ्यांचे निःश्वास' १९३३ साली विभावरी शिरूरकर या नावाने आलं. शिकलेल्या, कमावत्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या मनात काय चालतं ते त्या गोष्टींत उघडपणे आलं आणि महाराष्ट्रात गदारोळ झाला. लिहिणारं कोण, यावर तर्क लढवले गेले. पुढे सोलापूरच्या गुन्हेगार जमातींच्या वसाहतीत काम करताना पाहिलेलं जग त्यांनी 'बळी'मध्ये आणलं, १९५० साली. काटेरी तारेच्या आतलं ते जग मराठी कादंबरीत तोवर जवळपास आलेलंच नव्हतं. म्हणजे घराबद्दल लिहून झालं, घराबाहेरचंही लिहून झालं. तरी अखिल भारतीय साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्या वाट्याला कधी आलं नाही. १९८१ साली मुंबईत समांतर साहित्य संमेलन भरलं, त्याच्या अध्यक्ष त्या झाल्या. वाचनालयाच्या तालिकेतही, म्हणजे पुस्तकांच्या कार्डयादीतही, त्यांचे हाल होतात. बाळूताई खरे, मालतीबाई बेडेकर, विभावरी शिरूरकर : बाई एक, नावं तीन. तालिका करणाऱ्याने 'पाहा' म्हणून एका नावाकडून दुसऱ्याकडे नेणारं कार्ड लावलं नसेल, तर वाचकाला अर्धीच पुस्तकं सापडतात. लग्नाने आडनाव बदललेल्या कितीतरी लेखिका अशाच दोन खणांत विभागल्या गेल्या आहेत. आणि कण्यावरचं ते 'सौ.'. पुरुषाच्या नावामागे 'श्री.' लावून छापलेली कादंबरी शोधावी लागेल. बाईचं नाव मात्र नवऱ्याच्या हयातीचा दाखला घेऊनच मुखपृष्ठावर यायचं.

संमेलनाचा विषय निघाला आहे तर आकडे एकदा मांडूच. पहिली ग्रंथकार सभा १८७८ साली पुण्यात भरली, न्यायमूर्ती रानड्यांच्या अध्यक्षतेखाली. पहिली स्त्री अध्यक्ष व्हायला १९६१ उजाडलं, ग्वाल्हेरला कुसुमावती देशपांडे. मग १९७५ मध्ये कराडला दुर्गा भागवत, १९९६ मध्ये आळंदीला शांता शेळके, २००१ मध्ये इंदूरला विजया राजाध्यक्ष, २०१९ मध्ये यवतमाळला अरुणा ढेरे आणि २०२५ मध्ये दिल्लीला तारा भवाळकर. २०२५ पर्यंतच्या अठ्ठ्याण्णव संमेलनांत सहा. हा आकडा दरवर्षी कोणीतरी सांगतंच, त्यामुळे कानाला सवय झाली आहे. पण त्या सहा नावांकडे पुन्हा पाहावं. कोणी समीक्षक, कोणी विदुषी, कोणी कवयित्री, कोणी लोकसाहित्याच्या अभ्यासक. मुख्यतः कादंबरीकार म्हणून ओळखली जाणारी त्यात एकही नाही. कुसुमावतींनी मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा मोठा अभ्यास लिहिला, शांताबाईंनीही कादंबऱ्या लिहिल्या, पण त्यांना मान मिळाला तो कादंबरीकार म्हणून नव्हे. बाईने अभ्यास केला, कविता लिहिली तर तिला व्यासपीठावर बोलावता येतं. गोष्ट सांगून लाखो बायकांना रात्री जागवणारी मात्र कधी त्या खुर्चीपर्यंत पोचली नाही. ज्ञानपीठाची मराठी यादी खांडेकर, कुसुमाग्रज, विंदा, नेमाडे अशी आहे. चारही पुरुष.

राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांना दिलेली नावंही अशीच वाचून पाहावीत. प्रौढ वाङ्मयातल्या कादंबरीचा पुरस्कार हरी नारायण आपट्यांच्या नावे, लघुकथेचा दिवाकर कृष्णांच्या, प्रथम प्रकाशित कादंबरीचा श्री. ना. पेंडशांच्या. लक्ष्मीबाई टिळकांचं नाव आत्मचरित्राला. बहिणाबाई चौधरींचं आणि ताराबाई शिंद्यांचं नाव प्रथम प्रकाशनाच्या गटात, एक कवितेला, एक ललितगद्याला. ही नावं देताना कोणाच्या मनात वाईट नव्हतं, उलट आदरच होता. तरीही बाईच्या लेखणीकडून आपण काय अपेक्षितो ते त्यातून कळतं : स्वतःचं आयुष्य सांगावं, किंवा पहिलं पाऊल टाकावं. ताराबाईंचं 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ सालचं. तितकं धारदार गद्य लिहिणाऱ्या बाईचं नाव आपण नवोदितांच्या दाराशी कोरलं.

लोकप्रिय पुरुष लेखकांनाही उपेक्षा सोसावी लागलीच, ते नाकारायचं कारण नाही. पण त्यांची परतफेड उशिरा का होईना, झाली. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, आणि त्या आकड्याचा आज अभिमान वाटतो. झुंजार आणि काळापहाड ही त्यांच्या नायकांची नावं उच्चारली की साठी ओलांडलेले पुरुष खुलतात. चंद्रकांत काकोडकरांच्या १९६२च्या दिवाळी अंकातल्या कथेवर अश्लीलतेचा खटला भरला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये ते सुटले. खटल्याने त्रास दिला, पण इतिहासात जागाही दिली. सुहास शिरवळकरांच्या 'दुनियादारी'वर २०१३ साली चित्रपट आला आणि नवी पिढी ती कादंबरी विकत घेऊ लागली. पुरुषांचं पौगंडातलं वाचन हे रम्य स्मरण ठरलं. बायकांचं वाचन दुपारचा वेळ घालवणं ठरलं. योगिनी जोगळेकरांची पुस्तकं शंभराच्या वर आहेत, त्या गायिकाही होत्या. स्नेहलता दसनूरकर, कुसुम अभ्यंकर, शैलजा राजे, ज्योत्स्ना देवधर ही नावं घेतली की घराघरांतल्या मावश्या, आत्या माना डोलावतील. वाङ्मयेतिहासात ही नावं बहुधा एका वाक्यात, स्वल्पविराम देऊन, 'इत्यादी'च्या आधी येतात. जशी ती आत्ता इथेही आली, आणि ते लिहितानाही खुपलं.

सुमती क्षेत्रमाड्यांची 'महाश्वेता' दूरदर्शनवर मालिका होऊन आली, तेव्हा शीर्षकगीत म्हणून ग्रेस यांची कविता घेतली होती. चाल हृदयनाथ मंगेशकरांची, आवाज लताबाईंचा. ते गाणं आजही रात्री रेडिओवर लागलं की माणसं हातातलं काम थांबवतात. ग्रेस यांच्या दुर्बोधतेवर आणि श्रेष्ठतेवर लेखच्या लेख निघाले, निघायलाच हवेत. पण ती कविता ज्या गोष्टीच्या दारावर उभी होती, ती गोष्ट लिहिणाऱ्या बाईंचं नाव किती जणांना आठवतं?

या कादंबऱ्या सगळ्या थोर होत्या असं म्हणणं खोटेपणाचं होईल. योगायोग फार. दुसऱ्या प्रकरणात खोकणारा सासरा दहाव्या प्रकरणात मरणार, हे ठरलेलं. नायिका चूक नसताना क्षमा मागते, आणि लेखिका ते योग्यच धरते. घाईत लिहिल्यामुळे मधली पन्नास पानं नुसत्या संवादांवर रेटलेली. जात, गरिबी, बाहेरचं राजकारण यांना बऱ्याच जणींनी हात लावला नाही. हे दोष वाचून दाखवायला हवेत, आणि वाचल्याशिवाय ते दाखवता येत नाहीत. नेमकं हेच झालं नाही. 'माहेर', 'मेनका' या मासिकांतलं लेखन एका पारड्यात आणि 'सत्यकथे'सारख्या वाङ्मयीन मासिकातलं दुसऱ्या, अशी वाटणी पुस्तक उघडण्याआधीच होऊन गेली. उघडलं असतं तर दोषांच्या शेजारीच भलत्या मोलाचा ऐवज सापडला असता. पहिल्या पगाराचं पाकीट सासूच्या हातात द्यायचं की देवापुढे ठेवायचं, यावर अख्खं प्रकरण. चाळीतल्या नळाची वेळ, रॉकेलची रांग, रेशनच्या साखरेत चार पाहुणे कसे निभावले. बाळंतपणाची रजा संपल्यावर अंगावर पिणारं मूल घरी ठेवून लोकल गाठणारी, ब्लाउजवर पदर घट्ट ओढून उभी असलेली कारकून बाई. साठ-सत्तर सालच्या मध्यमवर्गीय घराचा जमाखर्च इतका बारकाईने दुसऱ्या कोणी मांडून ठेवलेला नाही. समाजशास्त्रज्ञ आज ते मुलाखती घेऊन शोधतात, आणि ते वजनावर रद्दीत चाललं आहे.

गेलेलं परत मिळवायचं म्हटलं तर वाटा अरुंद आहेत. शंकर गणेश दात्यांची मराठी ग्रंथसूची १८०० पासून १९५० पर्यंतच्या पुस्तकांची नोंद देते. या लेखिकांचा भराचा काळ त्याच्या पुढचा. १९५४च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना पाठवायची असते, त्यांत मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय एक. ज्यांनी पाठवली त्यांची तिथे मिळते. ज्या छोट्या प्रकाशकांनी टपालखर्च वाचवला, त्यांची पुस्तकं वाचनालयांच्या कपाटांतच राहिली. प्रत स्कॅन करून सर्वांसाठी खुली ठेवावी म्हटलं तर स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो. योगिनीबाई २००५ साली गेल्या, म्हणजे त्यांची पुस्तकं २०६५ अखेरपर्यंत वारसांना किंवा प्रकाशकाला विचारल्याशिवाय छापता येणार नाहीत. प्रकाशन बंद पडलेलं, वारस कोण ते ठाऊक नाही, हक्क कोणाकडे गेले त्याचा कागद नाही. अशा वेळी एक साधं काम ग्रंथपालाच्या हातात असतं. निर्लेखनाची यादी मंडळापुढे जाण्याआधी ठाण्याच्या आणि मुंबईच्या मराठी ग्रंथसंग्रहालयांच्या तालिकेशी ताडून बघायची. तिथे प्रत असेल तर आपली फाटकी खुशाल जाऊ द्यावी. नसेल तर तीच शेवटची असू शकते. तिला रद्दी न म्हणता गुंडाळून, नाव लिहून, पोस्टाने तिकडे पाठवावी. दोन संध्याकाळींचं काम आहे. त्यासाठी फक्त आधी मनात ते पुस्तक पुस्तक असावं लागतं.

त्या व्हरांड्यातल्या गठ्ठ्याची सुतळी ग्रंथपालबाईंनी दुपारी सोडली. ते गृहस्थ तोवर घरी गेले होते. वरच्या पुस्तकाच्या मागच्या चिठ्ठीवर जांभळ्या शाईचा शेवटचा शिक्का होता, मे महिन्यातला, त्याच वर्षीचा. बाद व्हायच्या तीन आठवडे आधी कोणीतरी ते वाचून परत केलं होतं. पानांच्या कोपऱ्यांना तेलकट अर्धपारदर्शक डाग, मध्ये एके ठिकाणी हळदीचं बोट, एका समासात पेन्सिलीने दुधाचा हिशेब. छापील पानं १९२ला संपत होती, पुढचा अर्धा फर्मा गळून गेलेला. आणि त्याच्या जागी आखीव फुलस्केपचे सहा कागद घडी घालून, दोऱ्याने शिवून बसवलेले. निळ्या बॉलपेनने, बारीक, उजवीकडे कललेल्या अक्षरात कादंबरीचा सगळा शेवट कोणीतरी उतरवून काढला होता. कुठल्या तरी दुसऱ्या प्रतीवरून, दुसऱ्या कुठल्या तरी गावात बसून. संवादांची अवतरणचिन्हंसुद्धा सोडली नव्हती. एके ठिकाणी ओळ चुकली ती खोडून पुन्हा नीट लिहिली होती. ग्रंथपालबाईंनी ते पुस्तक गठ्ठ्यात परत ठेवलं नाही. नोंदवहीत ते बाद झालेलं, त्यामुळे कपाटात लावता येईना. त्यांनी टेबलाचा खालचा खण उघडला आणि शिक्क्याच्या पॅडशेजारी ते आडवं ठेवलं. सहाव्या कागदाच्या तळाशी त्या वाचकाने 'समाप्त' लिहिलं होतं आणि त्याखाली पट्टीने दोन रेघा मारल्या होत्या.